तिसऱ्या दिवसाचा शब्द

माझ्या नवऱ्याला गावानं सरपंच केलं ते एका कावळ्यामुळं, असं मी म्हटलं की घरातली मंडळी माझ्यावर डोळे वटारतात. वटारोत. त्या दिवशी मी तिथं होते, आणि मला जे दिसलं तेच मी सांगणार.

आमचं गाव सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यात, कवठे महांकाळहून एसटीनं अर्ध्या तासावर. माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं. वडील फौजेत होते, त्यामुळं आम्हा भावंडांना शिक्षणासाठी साताऱ्यात खोली घेऊन ठेवलं होतं. तिथं गल्लीत कुणी वारलं तर बायका दारातून बघायच्या आणि दार लावून घ्यायच्या. इथं लग्न होऊन आले तेव्हा कळलं की तिसऱ्या दिवशी माती सावडायला सगळं गाव जातं, बायकासुद्धा. राख गोळा करतात, जागा शेणानं सारवतात, गेलेल्या माणसाला जे जे आवडायचं ते पत्रावळीवर वाढतात आणि मग सगळे लांब जाऊन कावळ्याची वाट बघत उभे राहतात. कावळा शिवला की माणूस मोकळं झालं. नाही शिवला तर त्याचं काहीतरी मागं राहिलं. मग घरचे एकेक जण पुढं येऊन हात जोडतात आणि शब्द देतात. धाकटीचं लग्न नीट करतो, आईला अंतर देत नाही, भावाशी भांडत नाही. बरोबर शब्द निघाला की कावळा येतो, असं इथं सगळेच मानतात.

आमचे हे तेव्हा ग्रामपंचायतीचे नुसते सदस्य होते. वरच्या वस्तीवरची एक म्हातारी गेली होती. तिच्या पत्रावळीवर भाकरी, झुणका, लाडू, तंबाखूची चिमूट असं सगळं मांडलं होतं. दोन तास झाले. मुलांचे एकूणएक शब्द देऊन झाले, नातवानं दारू सोडतो म्हणून सांगितलं, तरी लिंबावरचे दोन कावळे पाठ करून बसलेले. ऊन चढलं. लोक चुळबुळ करू लागले. तेव्हा हे कुणी न बोलावता पुढं गेले आणि हात जोडून म्हणाले, "आजे, तुज्या वस्तीवर नळ आनतो. तुज्या सुनंच्या डोक्यावर घागर ऱ्हानार न्हाई."

वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा खाली आला. लाडवाकडं त्यानं बघितलंही नाही, भाकरीचा तुकडा उचलला आणि गेला. म्हातारीची मुलं ह्यांच्या पाया पडली. माझ्या अंगावर काटा आला होता आणि मला त्याचा रागही आला होता, कारण मी स्वतःला शिकलेली समजत होते.

ह्यांनी तो शब्द पाळला. तालुक्याला खेटे घातले, सांगलीला जिल्हा परिषदेत जाऊन साहेबांच्या दारात दिवसदिवस बसले, आणि सहा महिन्यांत वस्तीवर नळ आणला. पुढच्या निवडणुकीत हे सरपंच झाले.

हे धनगराघरचे. सासरे मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने बाहेर असायचे, कृष्णाकाठाला, पलूस-कडेगावच्या उसाच्या रानांतून. हेही त्यांच्याबरोबर चालत वाढले. शाळा मावशीच्या घरी राहून अधूनमधून, तरी दहावी झाले. मग कडेगावकडं एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कामाला लागले आणि सासरे गेल्यावर परत आले. ह्या माणसाला उपाशी माणूस लांबून ओळखता येतो, हे मी लग्न झाल्यापासून बघत आले आहे. आमच्या दारातून कुणी न जेवता गेलेलं मला आठवत नाही, आणि चुलीपुढं कोण बसतं हे त्यांना कधी आठवलं नाही.

एकदा सासूबाई बोलता बोलता सांगून गेल्या. मेंढीला नवं कोकरू झालं की कावळे त्याच्या डोळ्यावर टपलेले असतात. म्हणून ह्यांच्याकडं लहानपणी एक काम दिलेलं होतं. कळपापासून लांब जायचं, हाका मारायच्या आणि भाकरीचे तुकडे टाकून कावळ्यांना तिकडं गुंतवून ठेवायचं. "त्येच्या आवाजाला कावळं यायचं, बघ," त्या कौतुकानं म्हणाल्या. मला फार बरं वाटलं. म्हातारीच्या कावळ्याचं कोडं सुटलं असं मी मनाशी म्हटलं आणि ते कुणाला सांगितलं नाही, ह्यांनासुद्धा नाही.

सरपंच झाल्यावर गावात कुणाचंही तिसऱ्या दिवसाचं बोलावणं आधी आमच्याकडं येऊ लागलं. कावळा अडला की सगळ्यांच्या माना ह्यांच्याकडं वळायच्या. हे पुढं जायचे, थोडा वेळ मान वाकडी करून उभे राहायचे आणि बोलायचे. खालच्या वस्तीला दिवा. अंगणवाडीला दार. एसटीच्या थांब्यावर छप्पर. ओढ्यावर मोरी. एकदाही शब्द चुकला नाही, आणि दिलेला शब्द ह्यांनी पाळला नाही असंही झालं नाही. तालुक्याचे साहेब पाहणीला आले की विचारायचे, कुठलं काम आधी घ्यायचं हे तुम्ही ठरवता कसं. "लोकांचं ऐकतो," हे सांगायचे. त्यात खोटं काहीच नव्हतं. पाहुणे आले की मी त्यांना गाव दाखवते. हा दिवा अमक्याचा, ही मोरी तमकीची, असं म्हणते, आणि पाहुण्यांना वाटतं की ही देणगी दिलेल्यांची नावं आहेत.

देवळाशेजारी एक आबा राहायचे. गुडघे गेलेले, पण देवळाच्या पायऱ्या रोज चढायचे. एकदा चहाला आले असताना मी म्हटलं, "आबा, पायऱ्यांना कठडा पाहिजे तुम्हाला. अर्ज द्या की, मी ह्यांच्या मागं लागते."

आबा बशीतला चहा फुंकत हसले. तोंडात एकही दात नव्हता. "ऱ्हाऊ द्या, बाई. जित्या मानसाचा अर्ज फायलीत पडतोय. मी तिसऱ्या दिसी सांगतो."

मीही हसले. पंधरा दिवसांत आबा गेले. कावळा कठड्याचा शब्द घेऊनच शिवला, आणि कठडा झाला. चांगला मजबूत आहे, म्हाताऱ्या बायकांना त्याचा मोठा आधार झाला. मी मात्र त्याला हात लावत नाही.

मग हळूहळू एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. गावातली म्हातारी माणसं ह्यांच्याकडं काही मागेनाशी झाली होती. गाठ पडली की गोड बोलायची, पोराबाळांची चौकशी करायची आणि मागण्याचा विषय निघाला की "बघू नंतर" म्हणायची. आणि ज्यांच्या घरी कुणी अंथरुणाला खिळलेलं असे, त्यांना ह्यांचं येणं नकोसं झालं. हे विचारपूस करायला गेले की दारातच ऐकू यायचं, "बरं हाय आता, झोपल्यात." एका घरी तर ह्यांना वळणावर बघून म्हाताऱ्याचं बाजलं माजघरात ओढून नेलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं. सरपंच आला म्हणजे वारसनोंद करायला आला, असं तोंडं सांगत होती. हे घरी आले आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

आणि कावळे. आमच्या पत्र्यावर ते कधीपासून बसायला लागले, मला नेमकं सांगता येणार नाही. कावळा म्हटला की ओरडणार. हे कावळे ओरडत नव्हते. भर दुपारी धुणं वाळत घालायला बाहेर आले की वर तीन-चार बसलेले दिसायचे, सगळ्यांची तोंडं आमच्या दाराकडं. मी खडा मारला की उडून पुन्हा तिथंच. हे मला खडा मारू द्यायचे नाहीत. "बसू दे त्यास्नी," एवढंच म्हणायचे. कधी सकाळी चूळ भरता भरता हे थांबायचे, मान वाकडी करायचे आणि म्हणायचे, "आज कुनाचं तरी येनार." बहुतेक वेळा यायचं. एवढ्या मोठ्या गावात आठवड्या-दोन आठवड्यांनी कुणीतरी जायचंच, असा मी मनाशी हिशेब घालायची. घालून घालून मला त्याचाच कंटाळा आला.

पुढच्या वेळी सरपंचपद बायकांसाठी राखीव निघालं आणि लोकांनी मला निवडून दिलं. खोटं कशाला बोलू, मतं ह्यांच्या कामाला पडली. माझं काम तोवर बचत गटापुरतं होतं. पण खुर्चीवर मी स्वतः बसले. पहिल्याच बैठकीला हे सवयीनं शेजारी खुर्ची ओढायला लागले तेव्हा मी सगळ्यांदेखत म्हटलं, "तुम्ही बाहेर कट्ट्यावर बसा, चहा पाठवते." गाव आठ दिवस हसत होतं. हे चिडले नाहीत, उलट कट्ट्यावर बसून चहा प्यायले. कारभार मी शिकले. कागद वाचून सही करायची, न वाचता कशावरही करायची नाही, हा माझा नियम होता. तिसऱ्या दिवसाचा कारभार मात्र ह्यांच्याकडंच राहिला. शब्द हे देत होते आणि सह्या मी करत होते. आत्तापर्यंत माझ्या मनाविरुद्धचा शब्द निघाला नव्हता, म्हणून ते चाललं.

ओढ्यापलीकडं एक बाई राहायची. पन्नाशीची, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, दोन म्हशींच्या दुधावर घर चालवणारी. एक मुलगी, पलूसकडं दिलेली. तिच्या घराला जायची वाट एका द्राक्षबागेच्या कडेनं होती, पिढ्यान्‌पिढ्यांची. कालव्याचं पाणी आलं, बाग उभी राहिली, आणि बागायतदारानं त्या वाटेवर बाभळीच्या काट्या टाकल्या. तेव्हापासून ही बाई दुधाची कॅन डोक्यावर घेऊन ओढ्यातून ये-जा करत होती. मुलगी आता सात महिन्यांची पोटुशी होती, पहिलंच बाळंतपण. सासरच्यांनी सांगितलं होतं, दारापर्यंत गाडी जात नाही तिथं आम्ही सून पाठवत नाही. त्यांचंही काही चुकत नव्हतं.

बाई माझ्याकडं आली आणि ऑफिसात खाली बसली. मी तिला खुर्चीवर बसवलं. "वयनी, मला दुसरं काय नगं," ती म्हणाली. "लेक माज्या घरात बाळंत व्हावी. तिची आई जिती हाय, मग तिनं दुसऱ्याच्या दारात का बाळंत व्हायचं?"

मी तिला शब्द दिला. वाट मोकळी करून तिच्यावर मुरूम टाकायचा ठराव मासिक सभेत मांडला. बागायतदाराला दुखवायला कुणी तयार नव्हतं, पण मी एकेकाला बोलून बोलून हात वर करायला लावले. ठरावाच्या वहीवर सदस्यांच्या सह्या झाल्या. माझी तेवढी सोमवारी व्हायची होती, मग कागद तहसीलला जाणार होता. शुक्रवारी बागायतदार गेला. बागेत फवारणी बघत उभा होता आणि जागीच कोसळला.

रविवारी सकाळी सगळं गाव स्मशानात होतं. पत्रावळीवर मटणाचा रस्सा, द्राक्षाचा घड, चहा, विड्या. कावळे कधी नव्हे इतके जमले होते, शेडच्या पत्र्यावर ओळीनं. एक हलेना. थोरल्या मुलानं शब्द दिले, धाकट्यानं दिले, सुनांनी दिले. साडेअकरा वाजले. थोरल्यानं मान उचलून ह्यांच्याकडं बघितलं, आणि त्याच्यापाठोपाठ सगळ्या गावानं.

हे पुढं गेले. नेहमीपेक्षा जास्त वेळ उभे राहिले. मग हात जोडले. "काका, तुमच्या बागंच्या कडंनं वाट जानार न्हाई. माजा शबूद हाय."

एरवी एक कावळा येतो. त्या दिवशी सगळेच आले. पत्रावळ दिसेनाशी झाली, नुसती काळी पिसं आणि चोचींचा आवाज. लोकांनी सुटल्यासारखे हात कपाळाला लावले. मी बायकांमध्ये त्या बाईला शोधलं. ती मागं उभी होती, हातात दुधाचा तांब्या. बागायतदाराकडं रोज सकाळी तिच्याच घरचं दूध जायचं, काट्या टाकल्यावरसुद्धा. त्याला चहात तेच लागायचं म्हणून तिनं ते आणलं होतं. कावळे बाजूला होईपर्यंत ती थांबली, पुढं येऊन दूध ओतलं, वाकून नमस्कार केला आणि ओढ्याच्या बाजूनं निघून गेली. माझ्याकडं तिनं पाहिलं नाही.

घरी आल्या आल्या मी म्हटलं, "मी उद्या सही करणार."

"मेल्या मानसाला शबूद दिलाय."

"आणि जित्या माणसाला मी दिलाय."

"जित्याला समजावता येतंय," हे म्हणाले.

मला इतका संताप आला की मी हातातला तांब्या भिंतीवर फेकला. तरी सांगते, सोमवारी मी सही केली नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. घरी आणलेली वही उघडायची, पेन हातात घ्यायचं आणि वर पत्र्यावर नखं वाजायची. मी भ्याले होते. माझं शिक्षण, साताऱ्याची खोली, कागद वाचून सही करायचा माझा रुबाब, सगळं त्या पत्र्यावरच्या आवाजापुढं कुठल्या कुठं गेलं. मला स्वतःची लाज वाटत होती आणि तरीही हात पुढं जात नव्हता.

शुक्रवारी मी ओढा ओलांडून तिच्याकडं गेले. जित्याला समजावायला.

अंगण लख्ख झाडलेलं होतं. एक म्हैस दावणीला नव्हती, शेजारच्या वस्तीवर बांधलेली मला येताना दिसली होती. भिंतीला शेणकुटांची रास रचलेली, छातीइतकी उंच, वर गोणपाट टाकलेलं. चुलीला कुणी एवढी शेणी एका ठिकाणी रचत नाही, सरणाला रचतात. मी तिच्याकडं पाहिलं आणि नजर दुसरीकडं वळवली. बाईनं मला पाणी दिलं आणि पडवीत घोंगड्यावर टेकून बसली.

"पुढच्या वर्षी वरच्या अंगानं दुसरी वाट काढू," मी सुरुवात केली. "तोवर लेकीला कवठ्याला दवाखान्यात..."

"आवं वयनी, जीव नका आटवू," ती म्हणाली. "मी आता मागत न्हाई. माज्या तिसऱ्या दिसी मागंन. तवा दादांस्नी द्यावंच लागंल."

मंगळवारी बाजाराला येते, असं सांगावं तशा आवाजात तिनं ते सांगितलं. पुढं म्हणाली, "मला खर्डा-भाकरी ठिवा. भात नगं, मला भात कवाच गोड लागला न्हाई."

"तुम्ही जेवलाय का?" मी विचारलं.

"पाच दिस झालं. पानी घेती." आणि ती हसली. ओठ पांढरे पडले होते. मी वर बघितलं. तिच्या कौलांच्या आढ्यावर चार कावळे बसले होते, सगळ्यांची तोंडं पडवीकडं. मी चपला तिथंच टाकून ओढ्यातून पळत सुटले.

हे अंगणात बसले होते. मी धापा टाकत सगळं सांगितलं, शेणकुटांसकट. ह्यांनी डोकं दोन्ही हातांत धरलं.

"आज मला खरं सांगा," मी म्हटलं. "कुठला शब्द द्यायचा, ते तुम्हाला कसं कळतं?"

हे खाली मातीकडं बघत बोलले. "पयल्यांदा म्हातारीच्या येळंला मी आपलं अंदाजानं बोललो. मग पुढं पुढं ऐकाय याय लागलं."

"काय?"

"बोलनं न्हवं. मागं कुनीतरी उभं ऱ्हाऊन घसा खाकरल्यागत. मग शबूद आपसूक तोंडात येतोय."

"आणि रविवारी?"

ह्यांनी मान वर केली नाही. "रविवारी काय बी आलं न्हाई. लय येळ उभा ऱ्हायलो. सगळी बघत व्हती. थोरल्यानं माज्याकडं बघितलं, आन मी त्येच्या मनातलं बोललो."

"मग कावळे कसे आले?"

"कावळं माज्या आवाजाला येत्यात गं," हे म्हणाले. "ल्हानपनापासनं."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. मी जे इतकी वर्षं मनात झाकून ठेवलं होतं, ते ह्यांनी रविवारपासून एकट्यानं गिळून ठेवलं होतं. मग आधीचे सगळे शब्द, तो नळ, आबांचा कठडा, त्यांचं काय, असं माझ्या तोंडाशी आलं. ह्यांचा चेहरा बघून मी ते विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही. मला तेव्हा फक्त एवढंच दिसत होतं की हा माणूस लांबून उपाशी माणूस ओळखायचा, आणि ह्याच्याच शब्दापायी ओढ्यापलीकडं एक बाई पाच दिवस उपाशी होती.

मी चुलीवर दोन भाकरी टाकल्या, खर्डा वाटला, ताटात घेऊन वर फडकं बांधलं. ठरावाची वही पिशवीत घातली. "चला," मी म्हटलं. हे उठले. ओढ्यातून जाताना ह्यांनी चपला हातात घेतल्या होत्या. पाणी गुडघ्याच्या खालीच होतं, पण खालचे दगड शेवाळलेले. दोनदा हे घसरले आणि दोनदा मी हात दिला. सात महिन्यांची पोटुशी इथून कशी आली असती, हे मला त्यांना सांगावं लागलं नाही.

बाई पडवीत घोंगडं पांघरून आडवी झालेली होती. मी ताट तिच्यापुढं ठेवलं, फडकं काढलं. "घ्या. मी इथंच सही करते."

तिनं ताटाकडं बघितलं, घास घेतला नाही. "सही तुमची, वयनी. शबूद त्येंचा. तितं म्हनत्यात तसं हात जोडून त्येंनी म्हनायचं."

हे चार पावलं मागं गेले. कुणी सांगितलं नव्हतं. स्मशानात शब्द देताना पत्रावळीपासून जेवढं मागं उभे राहतात, तेवढेच. मीही बाजूला सरले. ह्यांनी हात जोडले.

"बाई, तुमच्या दारापातूर वाट आनतो. बागंच्या कडंनंच आनतो. लेक गाडीतनं तुमच्या दारात उतरंल."

आवाज निघाला तसे आढ्यावरचे कावळे खाली आले. दोन अंगणात, एक उंबऱ्यावर, आणि एक उड्या मारत थेट ताटाच्या कडेला. त्याची चोच भाकरीपासून वीतभर अंतरावर होती. मला त्याला हाकलता आलं असतं. मी हाकललं नाही. एवढी माती सावडली, एवढ्या वेळा तशी उभी राहिले, की माझंही अंग आपोआप थिजलं होतं. हे हात जोडून उभे, मी श्वास धरून उभी, आणि आम्ही दोघं, देवा, त्या जित्या बाईपुढं कावळा शिवायची वाट बघत होतो.

घोंगड्याखालून हात बाहेर आला आणि जमिनीवर आपटला.

"हाड," बाई म्हणाली. "मी हाय अजून."

कावळा पाऊलभर मागं सरला, पण उडाला नाही. ती कोपरावर उठून बसली. भाकरीचा तुकडा मोडला, खर्ड्याला लावला आणि तोंडात घातला. पाच दिवसांच्या कोरड्या तोंडाला मिरची लागली, डोळ्यांतून पाणी आलं, तरी चावत राहिली. मी खाली बसले, वही मांडीवर उघडली आणि सही केली.

वही मिटून मी वर पाहिलं. उंबऱ्यावरचा कावळा ह्यांच्या पायाशी येऊन थांबला होता आणि मान वाकडी करून ह्यांच्या तोंडाकडं बघत होता. हे हलत नव्हते. जोडलेले हात खाली घ्यायचा त्यांना धीर होत नव्हता.

बाईनं दुसरा घास गिळला. "सोडा हात आता, दादा," ती म्हणाली. "खाल्लं मी."